कमी खर्चात हॉल आणि अंगण दोन्हीकडे संगीत : कोणती व्यवस्था घ्यावी?

बावड्याची_पडवी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील आमच्या घराची डागडुजी नुकतीच संपली असून आता घरात गाणी ऐकण्याची नीट सोय करावी असा विचार आहे. हॉल साधारण सोळा फूट बाय बारा फूट आहे, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी आणि दोन भिंती पूर्ण मोकळ्या. हॉलच्या पुढे पत्र्याची पडवी आणि तिच्यापुढे पंचवीसएक फुटांचे अंगण आहे. वडिलांना सकाळी पडवीत बसून आकाशवाणी आणि संध्याकाळी नाट्यपदे ऐकण्याची सवय आहे. रविवारी चार मंडळी जमली की सगळ्यांचा मुक्काम अंगणात असतो. टीव्हीचा आवाजही याच यंत्रणेतून यावा अशी घरातल्यांची मागणी आहे.

एकूण खर्च २० हजारांच्या आत बसवायचा आहे. दुकानदाराने चाके लावलेला, रंगीत दिव्यांचा मोठा पार्टी स्पीकर दाखवून "हा एक घेतला की आत-बाहेर दोन्हीकडे भागते" असे सांगितले, तर भाच्याचे म्हणणे आहे की साउंडबार घ्यावा आणि विषय मिटवावा. वडिलांना मोबाईलवरून काही जोडणे जमत नाही, त्यामुळे एक बटण दाबले आणि एक खुंटी फिरवली की आवाज आला पाहिजे, एवढी अट मात्र पक्की आहे. शेजार जवळ आहे, हेही लक्षात घ्यावे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओहमचा_नियम

पार्टी स्पीकर आणि साउंडबार हे दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवावेत असे माझे मत आहे. साउंडबार टीव्हीखाली ठेवून संवाद स्पष्ट ऐकण्यासाठी चांगला असतो, परंतु त्याला बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय बहुधा नसते, आणि दोन-चार वर्षांनी आतले बोर्ड गेले तर अख्खी पेटी अडगळीत जाते. पार्टी स्पीकरची अडचण वेगळी आहे. अंगणात जमलेल्या पन्नास माणसांसाठी केलेली ती वस्तू हॉलमध्ये सौम्य आवाजात लावली की बास फुगलेला आणि गळा दबलेला ऐकू येतो.

तुमच्या प्रश्नाचे मूळ असे आहे की बंद खोलीत आणि उघड्यावर आवाज अगदी निराळ्या रीतीने वागतो. खोलीत भिंती, स्लॅब आणि फरशी आवाज परत फेकतात, म्हणून स्पीकरपासून दूर बसले तरी तो फारसा कमी होत नाही. अंगणात परत फेकणारे काहीच नसते. तेथे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. याचा हिशेब करून पाहू. समजा स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर तो ८६ डेसिबल देतो. उघड्यावर २ मीटरवर त्याचे ८० होतात, ४ मीटरवर ७४ आणि ८ मीटरवर ६८. ८ मीटरवर बसलेल्या माणसाला ७४ डेसिबल ऐकवायचे असतील तर ४ वॅट लागतील. तोच स्पीकर त्याच्यापासून २ मीटरवर आणला तर पाव वॅट पुरतो. अंतरातला हा फरक शक्तीच्या हिशेबात सोळा पटींचा पडतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शेजाऱ्यांची. पहिल्या मांडणीत स्पीकरपासून १६ मीटरवरच्या खिडकीत ६८ डेसिबल पोचतात, दुसऱ्या मांडणीत तेवढ्याच अंतरावर ५६. ऐकणाऱ्याच्या कानाला आवाज तितकाच, शेजाऱ्याला मात्र १२ डेसिबल कमी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ती लावायचीच नसते. विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती पाहून आपल्याकडे वॅट मोजण्याची खोड लागली आहे, पण घरगुती अंगणासाठी खरा प्रश्न स्पीकर कोठे टांगायचा हा असतो.

माझा सल्ला असा : हॉलसाठी बिनवीज, म्हणजे ज्यांत अ‍ॅम्प्लिफायर नाही अशा बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या) स्पीकरची एक चांगली जोडी, पडवीच्या कडेला भिंतीवर लावायच्या लहान स्पीकरची एक साधी जोडी, आणि दोन्ही जोड्या सांभाळणारा एक अ‍ॅम्प्लिफायर. निम्मे पैसे हॉलच्या स्पीकरवर घालावेत, चौथाई अ‍ॅम्प्लिफायरवर आणि उरलेल्यात बाहेरची जोडी, तारा आणि खिळेमोळे. स्पीकर वीस वर्षे टिकतो. ब्लूटूथचे बोर्ड तेवढे टिकत नाही, म्हणून या दोघांना एका पेटीत कोंबणाऱ्या वस्तूवर माझा भर नसतो.

रंकाळा_सायंकाळ

ओहमदादांचा हिशेब पटण्यासारखा असला तरी मला वाटते की तो तांत्रिक आवड असलेल्या माणसाचा हिशेब आहे. बहुतेक घरांत बाहेरचे ऐकणे आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी होते, आणि तेवढ्यासाठी भिंतीला भोके पाडून पंधरा मीटर तार ओढण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा एक बरा ब्लूटूथ स्पीकर घेणे सोपे आणि स्वस्त पडते. तो अंगणात मंडळींच्या मधोमध ठेवता येतो, म्हणजे तुम्ही सांगितलेले जवळ ठेवण्याचे तत्त्वही आपोआप साधते. पन्हाळ्याला किंवा शेतावर जाताना तोच पिशवीत टाकता येतो आणि लाइट गेली तरी गाणे थांबत नाही.

घेताना फक्त डब्यावरचा आयपी क्रमांक, म्हणजे पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचा आकडा, वाचावा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार चालेल, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी शिरणार नाही. आयपी६७ मधील सहा हा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षणाचा असतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल हटत नाही आणि मार्च-एप्रिलमध्ये धूळ बसते, म्हणून मी दोन्ही आकडे पाहते. चार्जिंगच्या जागेवरचे रबरी झाकण नीट लावले नाही तर मात्र या आकड्यांना काही अर्थ राहत नाही, आणि घरातल्या मुलांना ते झाकण लावायला सांगणे हे एक स्वतंत्र काम आहे.

बावड्याची_पडवी

ताई, बॅटरीच्या स्पीकरचा विचार मीही केला होता. परंतु वडील रोज सकाळी पडवीत बसतात, त्यामुळे आमचे बाहेरचे ऐकणे रोजचे आहे. शिवाय स्पीकर चार्ज आहे की नाही, मोबाईल जोडला की नाही, हे रोज कोणीतरी पाहावे लागेल. दादांना एक शंका विचारतो. दुकानात एका लहान अ‍ॅम्प्लिफायरवर '१०० + १०० वॅट' असे छापले आहे आणि किंमत अगदीच कमी आहे. सोबत १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. तो घ्यावा काय?

ओहमचा_नियम

तो अ‍ॅडॅप्टरच तुम्हाला उत्तर देईल. या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरवर पडणारा दाब जास्तीत जास्त पुरवठ्याच्या व्होल्टेजएवढा जाऊ शकतो. १२ चा वर्ग १४४. त्याला स्पीकरच्या रोधाच्या, म्हणजे ८ ओहमच्या, दुपटीने, म्हणजे १६ ने भागले की ९ वॅट येतात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चीप कोणतीही असो, १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला एका बाजूने ९ वॅटपेक्षा जास्त स्वच्छ शक्ती मिळणे शक्य नाही. दुसरा पडताळा अ‍ॅडॅप्टरचा. त्यावर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिले असेल तर त्याची एकूण कुवत २४ वॅट. त्यातून सतत २०० वॅट निघणार कोठून? २४ व्होल्टचा पुरवठा दिला तर हाच हिशेब ३६ वॅटवर जातो. आज स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्रास दिसणारी टीपीए३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चीप २४ व्होल्टवर ८ ओहमला साधारण ३० वॅट देते, तेही आवाज बराच फाटू दिला तर. स्वच्छ ऐकायचे असेल तर त्याहून कमी धरावे. तुमच्या हॉलला एवढे भरपूर आहे, कारण नेहमीच्या ऐकण्यात एक-दोन वॅटच खर्च होतात आणि उरलेली कुवत तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक झटक्यांसाठी लागते. पीएमपीओ हा क्षणभराच्या झटक्याचा फुगवलेला आकडा दिसला तर तो वाचूच नये, फक्त आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, पाहावी.

दोन जोड्या लावताना एक काळजी घ्यावी. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच बाजूला समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते ४ ओहम दिसतात. ४ ओहमचे दोन जोडले तर २ ओहम, आणि त्यावर बहुतेक घरगुती अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतात किंवा जळतात. मागच्या बाजूला किमान किती ओहम चालतात ते छापलेले असते. तुमच्याकडे दोन्ही जोड्या ८ ओहमच्या असाव्यात आणि अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहम पेलणारा असावा.

पेठेतला_श्रोता

वडील नाट्यपदे ऐकतात हे वाचून बरे वाटले, कारण स्पीकरची निवड त्यावरूनच करावी. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी राहिले आणि जेथे देवल क्लबसारखी संस्था १८८३ पासून गाणे जपत आली, त्या गावात घरोघरी असा एखादा जुना कान असतोच, आणि त्या कानाला दणदणाटाचे काही कौतुक नसते.

जुनी नाट्यपदे बहुतांशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेली असतात. त्यांत अगदी खालचा बास नाही आणि अगदी वरची किणकिणही नाही. सारे गाणे मधल्या पट्टीत आहे. त्यामुळे बास फुगवून आणि वरचे सूर टोकदार करून ग्राहकाला पहिल्या मिनिटात खूश करणाऱ्या स्पीकरवर हीच पदे खरखरीत आणि पोकळ वाटतात. मी दुकानात जाताना तीन गोष्टी पेनड्राइव्हवर घेऊन जातो. पहिली, नुसत्या तानपुऱ्याचा एखादा मिनिट. जोडीच्या तारांचा गुंजारव एकसंध येतो की त्यात एखादाच सूर पुढे घुसतो, हे लगेच कळते. दुसरी, तबल्याचा संथ ठेका. डग्ग्याची घुमक आणि मींड ऐकू आली पाहिजे, नुसता 'धप्प' असा आवाज आला तर पेटी हलकी आहे असे समजावे. तिसरी, बातम्या. निवेदकाचा आवाज छातीतून आल्यासारखा जड वाटला किंवा 'स' आणि 'श' कानाला टोचले, तर तो स्पीकर कितीही देखणा असला तरी परत ठेवावा. राजारामपुरीतल्या शोरूममध्ये मागे टीव्ही चालू असतात, त्यामुळे दुपारी गर्दी नसताना जावे आणि आवाज घरी लावता तेवढाच लावण्याचा आग्रह धरावा, कारण दोन स्पीकरांपैकी जरा मोठ्याने वाजणारा नेहमीच चांगला वाटतो.

आता हॉलविषयी. शहाबादी फरशी, स्लॅब आणि मोकळ्या भिंती असतील तर दहा हजारांचा स्पीकरही न्हाणीघरात गायल्यासारखा वाजेल. टाळी वाजवून पाहा. मागे झणझण उरत असेल तर आधी खोलीवर खर्च करा. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड पडदा, खाली सतरंजी आणि एखादे जुने घोंगडे पुरते. आमच्याकडे घोंगडे लाकडी पट्टीवर ताणून भिंतीपासून चार बोटे पुढे टांगले आहे. ते भिंतीला चिकटवले असते तर उपयोग निम्माही झाला नसता, कारण मागची पोकळीच खालचे सूर पकडायला मदत करते. स्पीकर कोपऱ्यात ढकलू नयेत, बास घोंगावतो. बसल्यावर कानाच्या उंचीला वरचा लहान स्पीकर यावा आणि दोन्हींतले अंतर साधारण तुमच्या बसण्याच्या अंतराइतके असावे.

रंकाळा_सायंकाळ

घोंगड्याची कल्पना मी उचलणार आहे. एक मात्र विचारते, टीव्हीच्या मागण्याकडे कोणीच लक्ष दिले नाही. आमच्याकडे अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही जोडला की बारीक 'हूं' असा आवाज सतत येतो.

ओहमचा_नियम

तो आवाज बहुधा केबलच्या वायरीतून येतो, ताई. टीव्हीला केबलवाल्याच्या तारेमुळे एक अर्थिंग मिळते, अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांच्या प्लगमधून दुसरे, आणि या दोन्हींमधला फरक आवाजाच्या तारेतून फिरू लागतो. केबलची तार क्षणभर काढून पाहा. आवाज थांबला तर कारण तेच. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला काही जण देतात, तो कधीही मानू नये, जिवाशी गाठ आहे. टीव्हीतून ऑप्टिकल तार घेतली तर तीतून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे प्रश्नच मिटतो. अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकलची जागा नसेल तर मध्ये एक लहान डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे साध्या ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी डबी, लावावी आणि टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, निवडावा, नाहीतर काही वाहिन्यांना आवाजच येणार नाही.

उद्यमनगरी

जोडणीचे आणि बसवण्याचे मी सांगतो, कारण पैसे वाचवायची जागा तीच आहे आणि नुकसान व्हायची जागाही तीच.

पंधरा मीटर तार म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर तांबे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा त्यात साधारण ०.३५ ओहम रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तो चालून जातो. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक तार घेतली तर रोध दुप्पट होतो आणि बाहेरचा आवाज विनाकारण मंदावतो. स्पीकरची म्हणून विकली जाणारी पारदर्शक तार घेताना टोक सोलून नखाने खरवडा. आत चांदीसारखा पांढरा धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि दोन पावसाळ्यांत त्याचे सांधे पांढरी बुकी धरतात. साधी दोन पदरी तांब्याची लवचीक तार विजेच्या दुकानात मिळते, तीच घ्यावी. ती लाइटच्या पाइपातून नेऊ नये. वेगळा पाइप टाकावा. बाहेर स्पीकरला जोडण्यापूर्वी तारेला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून घरंगळत येऊन त्या वळशातून खाली टपकते, पेटीत शिरत नाही.

स्पीकर पत्र्याला टांगू नये. पत्रा स्वतःच वाजू लागतो आणि मग दोष स्पीकरला दिला जातो. भिंतीत किंवा खांबात पक्का ब्रॅकेट हवा. उद्यमनगरात कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात पट्टी वाकवून, भोके पाडून तयार ब्रॅकेटपेक्षा कमी पैशात मिळेल, मात्र रेड ऑक्साईड या गंजरोधक रंगाचा हात मारल्याशिवाय घरी आणू नका. पडवीची भिंत स्पीकरच्या लगेच मागे असली तर उघड्यावर हरवणारा खालचा आवाज बराच परत मिळतो, म्हणून अंगणाच्या मधल्या खांबापेक्षा भिंत बरी. स्पीकर माणसांच्या डोक्यापेक्षा थोडा वर आणि खाली झुकलेला ठेवावा. आवाज बसलेल्या माणसांवर पडतो आणि कुंपणाबाहेर कमी जातो.

स्पीकर निवडताना कडेची लवचीक किनार रबराची आहे ना ते बोटाने दाबून पाहावे. स्पंजची किनार आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळते. जुना माल घेणाऱ्यांनी तर हे सर्वांत आधी पाहावे.

पेठेतला_श्रोता

अंगणासाठी आहुजासारख्या देशी कंपनीचा कॉलम किंवा भिंतीवरचा स्पीकर सुचवावासा वाटतो. देवळात, शाळेत, मंगल कार्यालयात ते वर्षानुवर्षे चालताना आपण पाहतोच, आणि बोलणे स्पष्ट येते.

ओहमचा_नियम

मजबुतीबद्दल वाद नाही, परंतु त्यांतले अनेक स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनसाठी असतात. आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांना त्याच जातीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. शंभर मीटर तार आणि दहा स्पीकर असतील तेथे ती पद्धत उत्तम. पंचवीस फुटांच्या अंगणात ८ ओहमचा साधा स्पीकरच घ्यावा, आणि आहुजाचा घ्यायचा झाला तर मागे ८ ओहम लिहिलेला निवडावा.

बावड्याची_पडवी

सर्वांचे मनापासून आभार. पेनड्राइव्ह घेऊन वडिलांनाच दुकानात नेले. दिव्यांचा पार्टी स्पीकर त्यांनी अर्ध्या मिनिटात बंद करायला लावला, आणि पाच इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) एका साध्या काळ्या जोडीसमोर मात्र खुर्ची मागवून बसले. तीच घेतली. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहम पेलणारा, ए आणि बी अशा दोन जोड्यांची बटणे असलेला, एफएम आणि ब्लूटूथसह निवडला आहे. बाहेरची जोडी आणि तार अजून घ्यायची आहे. तरीही हिशेब २० हजारांच्या आत बसतो आहे.

दोन शंका उरल्या आहेत. हॉलमध्ये टीव्ही चालू असताना बाहेरचा आवाज वेगळा कमी-जास्त कसा करायचा? आणि आमच्या पडवीची एक बाजू पश्चिमेला उघडी आहे, दुसऱ्या बाजूला भिंत वळते. ब्रॅकेट कोठे मारावा?

ओहमचा_नियम

आवाजासाठी पडवीच्या दाराशी, विजेच्या बटणासारखी भिंतीत बसणारी स्पीकरची व्हॉल्यूम प्लेट लावावी. ती स्टीरिओची आणि तुमच्या वॅटला पुरणारी असावी. वडिलांना तेथेच खुंटी मिळेल. मात्र टीव्ही आणि आकाशवाणी एकाच वेळी दोन ठिकाणी वेगवेगळे लावायचे असेल तर एका अ‍ॅम्प्लिफायरने भागणार नाही. त्या वेळी बाहेरच्या जोडीसाठी २४ व्होल्टचा दुसरा लहान अ‍ॅम्प्लिफायर घेता येईल, तार तीच राहील. एफएमसाठी सोबत आलेली वेटोळी तार उलगडून साधारण पाऊण मीटर सरळ उभी सोडा, कोल्हापूर केंद्र स्वच्छ लागेल.

उद्यमनगरी

पश्चिमेच्या उघड्या बाजूला मुळीच नको. आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर तिकडूनच झोडपतो आणि पत्र्याची पागोळीही तेथेच पडते. भिंत वळते त्या बाजूला, पत्र्याच्या कडेपासून किमान दोन फूट आत ब्रॅकेट मारा आणि स्पीकरचे तोंड वडिलांच्या खुर्चीच्या दिशेने करा. दोन्ही स्पीकर एकाच भिंतीवर आले तरी चालेल. भोके पाडायच्या आधी त्या भिंतीतून लाइटचा पाइप कोठून गेला आहे ते वायरमनला विचारून खडूने आखून घ्या.